वही-पेन घेऊन खेळलेले गेम

गेल्या काही महिन्यांत मी जे गेम शेवटपर्यंत नेले, ते जवळजवळ सगळे शेजारी वही ठेवून खेळले. मुद्दाम ठरवलं नव्हतं. त्याआधी एक भलामोठा, जगभर गाजलेला गेम सुरू केला होता. नाव घेत नाही, त्या जातीचे सगळे सारखेच असतात. नकाशा उघडला की खुणांचा सडा पडलेला. हे गोळा कर, त्याला भेट, इतके लांडगे मार. कुठे जायचं ते बाण दाखवणार, काय करायचं ते कोपऱ्यातली यादी सांगणार, आपण फक्त बटण दाबायचं. दिवसभर ऑफिसात पेंडिंगच निपटत असते. रात्री सगळं आवरल्यावर जो तास-दीड तास मिळतो त्यात पुन्हा पेंडिंग निपटायचा उत्साह माझ्यात नाही. तो गेम उडवला आणि सेलमध्ये घेऊन नुसत्या पडून राहिलेल्या गेमांकडे वळले. (पुढे काही ठिकाणी गुपितं फुटणार आहेत. 'ओब्रा डिन' किंवा 'आउटर वाइल्ड्स' खेळायचा विचार असेल, तर ते भाग सोडून वाचा. खरंच सोडा.)

पहिला लागला 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. २०१८चा गेम. लुकास पोप या माणसाने चित्रं, प्रोग्रॅमिंग, लिखाण, संगीत असं बहुतेक सगळं एकट्याने केलंय. त्याच्या आधीच्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये आपण सरहद्दीवरच्या चौकीत बसून लोकांचे पासपोर्ट तपासत असतो. म्हणजे हा गृहस्थ कारकुनीतून थरार काढणारा. इथेही आपण कारकूनच, ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. १८०२ मध्ये पूर्वेकडे निघालेलं एक व्यापारी जहाज बेपत्ता होतं आणि १८०७ मध्ये इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरापाशी आपलं आपण येऊन उभं राहतं. जहाजावर जिवंत कुणी नाही. निघताना साठ माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं काय झालं आणि ते कुणी केलं, एवढं नोंदवहीत भरून द्यायचं. बस्स.

आपल्याकडे एक घड्याळ असतं. सांगाड्याजवळ नेऊन ते उघडलं की आधी काळोखात नुसते आवाज येतात. कुणी दार ठोठावतंय, कुणी ओरडतंय, मग धाडकन गोळीचा आवाज. त्यानंतर तो मृत्यूचा क्षण डोळ्यांसमोर गोठून उभा राहतो आणि त्यात आपण फिरू शकतो. रक्ताचे थेंब हवेत, पिस्तुलाचा धूर हवेत, मागे जिन्यावर एक माणूस अर्ध्या पावलात थबकलेला. चित्रं फक्त दोन रंगांची, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर असायची तशी ठिपक्यांची. पहिली दहा मिनिटं डोळे दुखतात. नंतर तेच बरं वाटायला लागतं, कारण या पडद्यावर फालतू असं काहीच नाही. जे दिसतंय ते कुणीतरी मुद्दाम ठेवलंय.

पहिल्या रात्री मी फक्त गोष्ट बघत सुटले. प्रसंगातून प्रसंगात उड्या मारल्या, काय काय भयंकर घडलं ते पाहिलं, आणि नोंदवही उघडली तर तीत भरण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. कोण कसा मेला ते कळतं. तो होता कोण हे कळत नाही. लोक एकमेकांना नावाने हाक मारतच नाहीत. विचार केला तर बरोबरच आहे. तोफेचा दणका बसलेला असताना कोण पूर्ण नावाने हाक मारतो?

मग खरा गेम सुरू झाला. हाताशी तीन गोष्टी असतात: जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली सगळ्यांची रेखाटनं, नाव-हुद्दा-देश असलेली क्रमांकवार यादी, आणि जहाजाचा नकाशा. रेखाटनातला चेहरा धूसर असेल तर त्या माणसाला ओळखण्याएवढं आपण अजून पाहिलेलं नाही, एवढी मदत गेम करतो. चेहऱ्याखाली छोटे त्रिकोण असतात, एक असेल तर सोपा, तीन असतील तर डोकं खाणार. त्यापलीकडे तोंड शिवलेलं. मी वहीत रकाने पाडले. अधिकाऱ्यांचे खासगी नोकर आपापल्या साहेबाच्या मागेपुढे दिसतात, म्हणून कोण कुणाजवळ उभा आहे ते लिहायला लागले. गळ्यातला रुमाल, हातावरचं गोंदण, बोलण्याची ढब, सगळं लिहायला लागले. बोसन म्हणजे आपला सारंग, तो ओरडतो कुणावर? मग ज्याच्यावर ओरडतो तो त्याच्या हाताखालचा.

सगळ्यात जास्त छळलं ते शिडावर चढणाऱ्या चार चिनी खलाशांनी. चौघांची नावं यादीत एकाखाली एक. प्रसंगांमध्ये चौघे दिसतात, पण बोलत नाहीत, मरतात वेगवेगळ्या ठिकाणी. डोलकाठीवर कोण वर आहे, कोण खाली आहे, यावरून काढायचा प्रयत्न केला. काही जमलं नाही. शेवटी एका अगदी सुरुवातीच्या प्रसंगात उत्तर सापडलं. तो प्रसंग भलत्याच माणसाच्या मृत्यूचा आहे. जहाजाच्या खालच्या मजल्यावर खलाशांच्या झोळ्या टांगलेल्या, माणसं त्यांत झोपलेली, बाहेर फक्त पावलं. आणि झोळ्यांना क्रमांक लावलेले! यादीतलेच क्रमांक. मी झोळी-झोळीपाशी जाऊन वाकून पाय बघत होते. हा अनवाणी, त्याच्या पायात मोजे, या बुटाचा आकार वेगळा. मग तेच बूट इतर प्रसंगांत शोधायचे. रात्री एक वाजता मी मेलेल्या माणसांची पादत्राणं वहीत काढत होते, आणि सांगते, इतकी मजा मला लांडगे मारताना कधीच आली नव्हती.

तिघांची नोंद पूर्ण बरोबर झाली की गेम त्यांच्यावर एकदम शिक्कामोर्तब करतो. ही युक्ती फार हुशार आहे. एकेक करून ठोकताळे मारता येत नाहीत. दोन पक्के असले तर तिसऱ्याचं नाव बदलत बसायची पळवाट मात्र राहतेच.

या यादीत 'भारत' असा देश लिहिलेले खलाशीही आहेत, आणि तिथे मी जरा थांबले. रेनफ्रेड राजुब असलं नाव. रेनफ्रेड? मूळचा रजब वगैरे असावा आणि कंपनीच्या कारकुनाने कानाला आलं ते उतरवलं असावं, अशी मी माझ्यापुरती समजूत घातली. त्यांच्यातले दोघे प्रवासाच्या सुरुवातीलाच आजाराने मरतात. ना लढाई, ना राक्षस. कंपनीच्या आणि पुढे बड्या बोटकंपन्यांच्या जहाजांवर लास्कर, म्हणजे खलाशी म्हणून आपल्याकडची माणसं हजारांनी गेली. त्यांत कोकणातलीही खूप होती, रत्नागिरीकडच्या गावांत बोटीवर गेलेल्या पणजोबांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. मागे काही पराक्रम न ठेवता झोळीतच मरण आलेल्या माणसाचं नाव शोधायला एखादा गेम आपल्याला भाग पाडतो, हे मला त्यातल्या समुद्री राक्षसांपेक्षा मोठं वाटलं.

तक्रारी आहेतच. एखादा प्रसंग पुन्हा बघायचा तर थेट यादीतून उघडता येत नाही, जहाजावर चालत त्या सांगाड्यापर्यंत जावं लागतं. आणि प्रसंग पहिल्यांदा बघताना संगीत संपेपर्यंत नोंदवही उघडू देत नाहीत. पहिल्यांदा ते नाट्यमय वाटतं, विसाव्यांदा 'चला की हो पुढे' होतं.

त्यानंतर 'आउटर वाइल्ड्स', २०१९चा. याबद्दल आधी इतकं कौतुक ऐकलं होतं की थोडी अढीच बसली होती. एका छोट्या सूर्यमालेतला नवशिका अंतराळवीर, लाकूड-पत्र्याचं यान, आणि बावीस मिनिटं. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळं संपतं, आणि आपण पुन्हा शेकोटीजवळ डोळे उघडतो. पैसे नाहीत, हत्यारं नाहीत, ताकद वाढत नाही. पुढच्या फेरीत सोबत जातं ते फक्त आपल्याला कळलेलं.

माझा भाचा नववीत आहे. तो बीजीएमआयवाला (पबजीचाच भारतासाठीचा अवतार), २०२०मध्ये पबजी बंद झाल्यावर त्याच्या ताईने घरात जे सुतक पाळलं होतं ते पाहतच तो मोठा झालाय. सुट्टीत आला होता, माझ्या खांद्यावरून बघत उभा राहिला.

"मावशी, यात गन नाही?"

"नाही."

"मग मरतेस कशाने?"

"सूर्य फुटतो. नाहीतर ऑक्सिजन संपतो. नाहीतर मीच यान डोंगरावर आपटते."

"मग लेव्हल कशी वाढते?"

याला उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, कारण लेव्हल आपलीच वाढते. उदाहरण देते. वाळूच्या दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू हळूहळू दुसऱ्यावर ओतली जात असते. एकीकडच्या गुहा बुजत जातात, त्याच वेळी दुसरीकडचे मनोरे उघडे पडतात. म्हणजे गुहेत जायचं तर फेरीच्या सुरुवातीला, मनोऱ्यांकडे जायचं तर उशिरा. कुणी सांगत नाही. पहिल्यांदा मी गुहेतच वाळूखाली चिरडले गेले, तेव्हा कळलं. दुसऱ्या एका ग्रहाचं कवच लाव्ह्याच्या माऱ्याने तुटून तुटून आतल्या कृष्णविवरात पडत असतं. तिथे पाय घसरला की आपणही पडतो, आणि सूर्यमालेच्या दूरच्या टोकाला बाहेर निघतो. पडताना मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. भाचा हसत सुटला, पण खाली बसला, आणि मोबाइल बाजूला ठेवला.

काटेरी वेलींनी भरलेली एक धुक्याची जागा आहे, तिथे प्रचंड दात असलेले मासे. आत शिरलं की गिळलेच. आम्ही दोघांनी तिथे किती वेळा यान घातलं ते विचारू नका. उत्तर होतं भलत्याच ठिकाणी. वाळूच्या ग्रहावरच्या एका गुहेत त्याच माशाचा जुना सांगाडा आहे, आणि तिथे फार पूर्वी होऊन गेलेल्या परग्रहवासीयांच्या मुलांनी खेळाचे नियम भिंतीवर लिहून ठेवलेत. एकाने मासा व्हायचं, त्याचे डोळे बांधायचे, बाकीच्यांनी आवाज न करता त्याच्या जवळून पलीकडे जायचं. मी वाचून दाखवलं आणि भाचा ओरडला, "अगं ही तर आंधळी कोशिंबीर! मासे आंधळे आहेत!"

पुढच्या फेरीत इंजिन बंद करून, आहे त्या वेगावर यान नुसतं तरंगत सोडलं. माशाचा जबडा काचेच्या अगदी पुढून सरकत गेला. दोघांपैकी कुणीही बोललं नाही, जणू आमचा आवाज त्याला ऐकू जाणार होता.

हे ज्ञान आम्हाला कुणी 'मिळालं' असं लिहून, टाळ्या वाजवून दिलं नाही. पहिल्या फेरीतही आम्ही तसंच तरंगत जाऊ शकलो असतो. मार्ग मोकळाच होता, फक्त आम्हाला माहीत नव्हतं. मोठमोठ्या स्टुडिओंना ही साधी गोष्ट का जमत नाही, किंवा जमत असून का करायची नसते, याचं मला कोडं आहे. खेळणारा अडकला की तो सोडून जाईल, ही भीती असणार. असेलही. पण अडकलेलाच माणूस जेवताना, पोळ्या लाटताना, लोकलमध्ये त्या गेमचा विचार करत असतो.

आणि त्यातलं संगीत! वेगवेगळ्या ग्रहांवर बसलेले सहप्रवासी आपापलं वाद्य वाजवत असतात, कुणी बॅन्जो, कुणी बासरी, कुणी ढोल, कुणी नुसती शीळ. हातातलं यंत्र त्या दिशेला धरलं की त्याचा तेवढा सूर ऐकू येतो. सूर्यमालेच्या कडेला जाऊन सगळे ग्रह एका रेषेत धरले की तीच सगळ्यांची मिळून एक चाल निघते. हे गेमने कुठेही करायला सांगितलेलं नाही. शेवटाबद्दल काहीच लिहीत नाही.

मधल्या काळात 'सिल्कसाँग' घेतला. ४ सप्टेंबर २०२५ला तो आला तेव्हा स्टीमसकट बऱ्याच दुकानांच्या साइट काही वेळ आडव्या झाल्या होत्या, इतकी लोकांनी वाट पाहिलेली. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा. आधीचा 'हॉलो नाइट' मला प्रिय आहे. हाही सुंदर आहे, त्यातल्या प्रत्येक कीटकाची चाल हाताने रेखाटलेली. पण एका फटक्यात दोन-दोन जीव जातात, मेलं की पुन्हा लांबची चाल, आणि माझी बोटं काही आता पंचविशीची नाहीत. अर्ध्यावर सोडला, अपराधी वगैरे वाटलं नाही. यात वहीचा उपयोग नव्हता. हात पाहिजेत.

आपल्याकडचं काही खेळावं म्हणून 'राजी' काढला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०चा. सर्कशीत काम करणारी मुलगी राजी, राक्षसांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि हातात त्रिशूळ. राजस्थानी धाटणीचे महाल, झरोके, कमानी यांची कामगिरी डोळे निवतील अशी. मध्येच कठपुतळ्यांसारख्या सावल्यांतून गोष्ट पुढे सरकते, तेव्हा तर पुण्याच्या मंडळींना शाबासकी द्यावीशी वाटली. पण मला त्यात एक गोष्ट फार खटकली. दुर्गा आणि विष्णू वरून सतत बोलत राहतात. भिंतीवरचं चित्र बघायला थांबले की लगेच निवेदन: हा अमुक अवतार, त्याने असं केलं. अहो, आम्हाला माहीत आहे! नवरात्रात लहानपणापासून ऐकत आलोय. बाहेरच्या देशातल्या खेळणाऱ्यांसाठी हे लागतं हे समजतं, पैसा तिकडूनच यायचा. तरी वाटतं, तो बिचारा इंग्लंडातला किंवा जपानमधला खेळाडूही थोडा गोंधळला असता, चित्राकडे दोनदा बघितलं असतं, तर काय बिघडलं असतं? शिवाय कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे उड्यांचा अंदाज चुकतो. आणि शेवट असा अचानक येतो की मला वाटलं वीज गेली.

याच्या नेमकं उलट 'वेन्बा'. २०२३चा, कॅनडातल्या एका लहान स्टुडिओचा, पुढच्या वर्षी त्याला पदार्पणाचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. तमिळ कुटुंब १९८०च्या दशकात कॅनडात जातं, वेन्बा ही त्यातली आई. तिच्या आईची पाककृतींची वही सोबत आलीये, पण फाटलेली, डागाळलेली, मधल्या ओळी गेलेल्या. त्या ओळी आपण स्वयंपाक करून भरून काढायच्या. इडलीत मी बिनधास्त होते. पुट्टू या नळीत वाफवायच्या पदार्थापाशी आले आणि हात थांबला. नळी, भोकांची चकती, पीठ, खोबरं हे सगळं समोर, पण आधी काय? चकती खाली बसवली नाही तर पीठ थेट पाण्यात जाणार, हे माझं मलाच सुचलं आणि उगीच मान ताठ झाली. मोठा झालेला मुलगा आईच्या भाषेतलं अर्धंच समजतो, हेही कुणी भाषण ठोकून सांगत नाही. खेळता खेळता आपल्यालाच त्याच्या जागी बसवलं जातं. एका संध्याकाळी संपतो. मी फोनवर आईला पुट्टूबद्दल सांगितलं, तिने विचारलं, "म्हणजे मोदकाच्या उकडीसारखं?" नव्हे, पण मी हो म्हटलं.

सध्या 'ब्लू प्रिन्स' चालू आहे, २०२५चा. पंचेचाळीस खोल्यांचा वाडा, आणि सेहेचाळिसावी खोली शोधली तर वाडा आपला. प्रत्येक दारापाशी तीन खोल्यांचे पर्याय येतात, त्यांतली एक निवडून वाडा आपणच रचत जायचा; दिवस संपला की सगळं मोडून पुन्हा कोरं. हा तर वही घेऊन बसा असं स्वतःच सुचवतो. बैठकीच्या खोलीत तीन पेट्या असतात, प्रत्येकीवर एक वाक्य. किमान एक वाक्य खरं, किमान एक खोटं, आणि रत्नं एकाच पेटीत. ही कोडी मी चहाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना घालते, आता तिघांना चटक लागलीये. पण दोन गोष्टी पटत नाहीत. एक म्हणजे नशिबाचा भाग जास्त आहे. काय करायचं ते नेमकं कळलेलं असतं, आणि हवी ती खोली तीन-तीन रात्री येतच नाही. हे अडकणं नाही, ही रखडपट्टी. दुसरं, एक मोठं कोडं संपूर्ण इंग्रजी स्पेलिंगांवर उभं आहे. माझं निभावलं. ज्याचं इंग्रजी कामापुरतं आहे त्याने काय करायचं? ओब्रा डिनमधले बूट बघायला भाषा लागत नव्हती.

भाच्याचा काल मेसेज आला. 'आउटर वाइल्ड्स' त्याने आपल्या संगणकावर घेतलाय. मी कळवलं, अरे तुला मासे माहीत आहेत, वाळू माहीत आहे, आता काय उरलं? तर म्हणतो, शेवट तू मला बघू दिला नव्हतास. खरंय. त्या रात्री मी त्याला झोपायला पिटाळलं होतं. आता रोज कुठलं ना कुठलं कोडं घेऊन विचारतो, आणि मी उत्तर देत नाही म्हणून माझ्या बहिणीकडे तक्रार करतो.